मनोहररावांची ‘ओसरी’

प्रताप नगरात आमच्या भिंतीला भिंत लागून मनोहरराव राहतात. पॉलिटेक्निकच्या कम्प्युटर लॅबमध्ये सहायक होते. निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षं ते ‘ओसरी’ नावाची मराठी ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे कम्प्युटर चालवणारी मूळ प्रणाली, बांधताहेत. जुन्या लॅपटॉपवर चालणारी, फुकट, आणि जिचा प्रत्येक भाग कुणालाही उघडून वाचता यावा, बदलता यावा अशी. पडद्यावरची मराठी तपासायला ते माझ्याकडे येत. एका ‘रद्द करा’वरून आमचे दोन चहा व्हायचे.

अडचण एकच, पण हट्टी. बहुतेक लॅपटॉपांत वायफाय सुरू व्हायला कंपनीची एक छोटी फाईल लागते. ती वापरता येते, आत डोकावता येत नाही. अशा फायली मनोहररावांनी वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. ओसरी बसवताना प्रश्न यायचा: ‘ही फाईल बंद आहे. आत काय आहे ते आम्हालाही माहीत नाही. घालायची का?’ खाली ‘हो’ आणि ‘नाही’. ‘नाही’ आधीच निवडलेलं.

“‘हो’ निवडून ठेवा ना,” त्यांची बायको, देवकीकाकू, मटार सोलता सोलता म्हणायच्या. “लोक वाचत नाहीत काही.”

“मग विचारायचं कशाले वं?”

“मले तरी लग्नात कोणी विचारलं होतं? चालूनच राहिलं ना!”

ते हसायचे, पण बदलायचे नाहीत.

ओसरी खरोखर वापरणारी जागा एकच होती, शहराच्या कडेला, बेसाची एक अभ्यासिका. तिथल्या दोन जुन्या कम्प्युटरांना इंटरनेट वायरने मिळायचं, म्हणून कधी अडलं नव्हतं. यंदा कुणीतरी सहा लॅपटॉप भेट दिले. अभ्यासिका सांभाळणाऱ्या अंकुशने त्यांवर स्वतःच ओसरी बसवली, आणि जुने कम्प्युटर भंगारात काढले. सहाही लॅपटॉप छान सुरू झाले. वायफाय एकाचंही नाही.

नेमका भरतीच्या अर्जाचा शेवटचा दिवस. तिथे अभ्यासाला येणारी वेदिका नावाची मुलगी तशीच सीताबर्डीच्या इंटरनेट कॅफेत धावली. तिचा नंबर लागेपर्यंत मुदत संपली होती.

अंकुशचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. मनोहररावांनी तो स्पीकरवर टाकला.

“काका, पोरीचं वर्ष गेलं ना!”

“प्रश्न वाचला होता का गा?”

“सहा लॅपटॉप होते. वाचत बसू का एन्टर मारू? रविवारपर्यंत करून द्या, नाहीतर मी दुसरं काही टाकतो.”

दोन दिवस मनोहरराव अंगणातसुद्धा दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, “ताई, वाक्य छोटं करून द्या. ‘हो’ निवडून ठेवलं मी.” ‘आत काय आहे ते आम्हालाही माहीत नाही’ एवढं मी खोडलं. त्यांनी ते पाहिलं आणि तसंच पेन ड्राइव्हवर चढवलं.

शनिवारी ते पेन ड्राइव्ह घेऊन अभ्यासिकेत निघाले; मलाही बेसाला बहिणीकडे जायचं होतं, म्हणून सोबतच गेलो. अभ्यासिकेत सहाही लॅपटॉप जोरात चालू होते. दुकानातून माणूस आणून अंकुशने आदल्या दिवशीच दुसरी प्रणाली टाकून घेतली होती, तीही चोरीची प्रत.

“पोरं थांबेनात काका,” म्हणत त्याने आमच्यासाठी खुर्च्या ओढल्या. मनोहररावांनी पेन ड्राइव्ह खिशातून काढलाच नाही.

वेदिका तिथेच होती. रागाचं एक अक्षर नाही. “काका, प्रिंटर चालू करून देता का? तुम्हालेच येते.”

ते बसले. प्रिंटर जोडताच लॅपटॉपवर आधी इंग्रजीतला करार आला, सहा पानी, खाली ‘मान्य’चं बटण. मनोहररावांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या पानावर वेदिका हळूच म्हणाली, “दाबा ना काका. असं कोण वाचते?”

त्यांनी दाबलं. प्रिंटर घरघरला, तिच्या दुसऱ्या कुठल्याशा परीक्षेचा अर्ज बाहेर येऊ लागला. उरलेली तीन पानं पडद्यावरून गेली होती. तरी ते तिकडेच बघत बसून राहिले.