नाव कापलेली गोळी

"शी इज जस्ट सीसिक, मॅडम," तो तिसऱ्यांदा म्हणाला. आईला बोट लागली आहे, सकाळी एक गोळी दिली, दुपारी दुसरी दिली, तरी फरक नाही. आता तिसरी दिली तर चालेल का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

इथे कॅनडात, स्कारबरोच्या आमच्या ऑफिसात सकाळचे नऊ वाजून गेले होते. म्हणजे त्यांच्याकडे, ग्रीसमध्ये, दुपारचे चार. मी नुकतीच डोक्याला हेडसेट लावून बसले होते आणि कॉफीला अजून हातही लागला नव्हता.

आधी माझं काम काय ते सांगते, कारण माझ्या सख्ख्या बहिणीलाही ते अजून कळलेलं नाही. परदेशी जाताना लोक ट्रॅव्हल इन्शुरन्स घेतात. तिकडे आजारी पडलं की कार्डामागचा नंबर फिरवतात. तो फोन आमच्याकडे येतो. आम्ही नर्सेस. रोग ओळखायचा नाही, औषध सांगायचं नाही. प्रश्न विचारायचे, स्क्रीनवरच्या चौकटी भरायच्या आणि माणूस किती आजारी आहे ते ठरवून त्याला योग्य जागी पोचवायचं. याला ट्रायाज म्हणतात. नागपूरला सरकारी दवाखान्यात मी अकरा वर्षं हेच हातांनी आणि डोळ्यांनी केलं. इथे फक्त कानांनी करते.

फोनवरचा माणूस मंदार. कॅनडातल्याच रेजिना शहरात, सरकारी ऑफिसात सॉफ्टवेअरचं काम करणारा. आईवडील पुण्याहून लांब मुदतीच्या सुपर व्हिसावर त्याच्याकडे आलेले. त्यांच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली म्हणून तो त्यांना आणि बायकोला घेऊन ग्रीसला गेला होता. त्या दिवशी त्यांनी नॅक्सोस बेटावरून एक बोट अख्खी घेतली होती. घरचे चौघं आणि एक कॅप्टन, बाकी कोणी नाही. शेजारच्या छोट्या बेटावर जायचं, पोहायचं, जेवायचं, सूर्यास्त बघून परत. बेटावर एक खानावळ आणि शेळ्या. दवाखाना नाही.

"उलटी किती वेळा झाली?" मी इंग्रजीत विचारलं.

"नॉट इव्हन वन्स. गोळीमुळे थांबलीय ना."

"अंग गरम आहे?"

"नो, कोल्ड. पण घाम खूप येतोय. शी इज सोक्ड."

माझी बोटं कीबोर्डवर थांबली. बोट लागलेला माणूस ओकतो. ऊन लागलेल्याचं अंग तापतं. गार अंग, कपडे भिजतील इतका घाम आणि एकही उलटी नाही, हे दोन्हींत बसत नव्हतं.

तेवढ्यात मागून एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. "अगं, थोडा ओवा तरी चाव. सुधा, ऐकतेस का?" आणि मग बाईचा आवाज, जड जिभेचा, "दाराला कडी लावली का? दूध उतू जाईल."

भूमध्य समुद्राच्या मध्यावर त्या बाईंना दूध उतू जाताना दिसत होतं.

"मंदार," मी म्हणाले, "मराठीत बोला. आणि फोन स्पीकरवर टाका."

तो म्हणाला, "अरे! ताई, तुम्ही मराठी?"

माझ्या खांद्यावर टकटक झाली. आमची टीम लीड लिंडा. गंभीर फोन असला की ती मागे येऊन उभी राहते आणि दुसऱ्या हेडसेटवर ऐकते. आमच्याकडे नियम आहे. फोन रेकॉर्ड होतो, म्हणून इंग्रजी किंवा फ्रेंचमध्येच बोलायचं. दुसरी भाषा लागली तर दुभाष्याला लाइनवर घ्यायचं.

"इंटरप्रिटर, प्लीज," लिंडा म्हणाली.

"त्याला यायला दहा मिनिटं लागतील. तेवढा वेळ नाहीये."

"हाऊ डू यू नो?"

"आय डोन्ट. म्हणूनच विचारतेय."

लिंडाने मान हलवली आणि दोन बोटं दाखवली. दोन मिनिटं.

पहिली भीती मेंदूतला रक्तपुरवठा अडल्याची, म्हणजे अर्धांगाची. मी मंदारच्या बायकोला, ऋजुताला, सासूबाईंसमोर बसवलं. त्यांना हसायला सांग. हसल्या. दोन्ही हात वर करायला सांग. केले, पण हात थरथरत होते. तोंड वाकडं नव्हतं. म्हणजे ते नसावं.

"सकाळपासून काय खाल्लंय त्यांनी?"

"काहीच नाही," ऋजुता म्हणाली. "बोट लागेल म्हणाले बाबा, म्हणून रिकाम्या पोटीच निघाल्या. लंचलापण नको म्हणाल्या."

"डायबिटीस आहे?"

"आईंना? नाही नाही. बाबांना आहे."

घरात एक शुगरवाला, दुसरीचं पोट सकाळपासून रिकामं आणि पोटात दोन गोळ्या.

"गोळी कुठली दिलीत? नाव वाचून दाखवा."

मग सुरू झाली शोधाशोध. गोळ्या बाबांच्या ताब्यात होत्या. घरातल्या सगळ्यांच्या गोळ्या कायमच त्यांच्या ताब्यात, असं मंदार जरा अभिमानानेच म्हणाला. पुण्याहून निघताना त्यांनी सगळ्या स्ट्रिप्स कात्रीने कापून, कडेचा फापटपसारा काढून, एका चेनच्या छोट्या पाकिटात बसवल्या होत्या. जागा वाचते. आपल्याकडे केमिस्टही चार गोळ्या मागितल्या की स्ट्रिप कापून देतो, त्यामुळे यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. कॅनडात आलेल्या प्रत्येक आईवडिलांच्या सामानात असं एक पाकीट असतं.

"नाव नाहीये यावर," ऋजुता म्हणाली. "ते कापलं गेलंय."

"उलटीचीच आहे हो," बाबा मागून म्हणाले. आवाजात थोडा राग. "पांढरी, गोल. मी काय आजच ओळखायला लागलोय का?"

"ऋजुता, मागच्या चंदेरी कागदावर काहीही असेल ते वाच. अर्धं, तुटकं, काहीही."

"आर, आय, डी, ई. मग टू एमजी. मग रेड लाइन."

लाल रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध. उलटीची गोळी पंचवीस मिलिग्रॅमची असते, ही दोनची. आणि नावाच्या शेवटची ती चार अक्षरं मी नागपूरच्या वॉर्डात इतक्या वेळा लिहिली होती की झोपेतही पूर्ण केली असती. ती शुगर उतरवायची गोळी होती. मधुमेह नसलेल्या, उपाशी बाईला एकामागून एक दोन दिल्या होत्या. आणि मला फोन तिसरी द्यायची परवानगी मागायला आला होता.

मी हादरले. लिंडाला मराठीचा शब्द कळत नव्हता, तरी माझा चेहरा बघून तिने शेजारची खुर्ची ओढली.

"शुगर तपासायचं मशीन आहे?"

"हॉटेलवर," बाबा म्हणाले. "एका दिवसासाठी कशाला ओझं?"

"त्यांना नीट गिळता येतंय का? घोटभर पाणी देऊन बघा. ठसका लागला तर लगेच थांबा."

गिळता येत होतं. बोटीवर संत्र्याचा रस होता आणि कॅप्टनकडे मधाची बरणी. मी रस पाजायला लावला, मग चमचा चमचा मध, मग बिस्किटं. चौदा मिनिटं. मी घड्याळाकडे बघत होते म्हणून आठवतं. चौदाव्या मिनिटाला फोनवर एक स्वच्छ आवाज आला. "हे काय, माझी साडी कुणी भिजवली?"

बोटीवर सगळे हसले. मंदारही हसला. मी डोळे पुसले, हे कबूल करते.

"थँक यू सो मच, ताई. आता आम्ही मॅनेज करतो," मंदार म्हणाला. "अजून तीन तास बोट आपल्याकडे आहे. सनसेट बघून निघतो."

मला आधी वाटलं तो गंमत करतोय.

"मंदार, आत्ता निघा. सरळ नॅक्सोसच्या दवाखान्यात."

"पण शी इज फाइन नाऊ! तुम्ही ऐकलंत ना?"

"रस अर्ध्या तासात जिरेल. गोळी दिवसभर काम करते. पोटात दोन आहेत. शुगर पुन्हा पडणार, आणि तेव्हा त्यांना गिळता येईलच असं नाही."

"ताई, डोन्ट माइंड, पण तुम्ही नर्स आहात. डॉक्टर काय म्हणतात ते विचारून सांगता का?"

असलं वाक्य मी हजारदा ऐकलंय. एरवी मी गोड बोलते. त्या दिवशी नाही बोलले.

"डॉक्टरला विचारीन. तो हेच सांगेल. तोपर्यंत तुमची बोट वीस मिनिटं पुढे गेलेली असली पाहिजे. सनसेट उद्या पण होतो. कॅप्टनला फोन द्या."

कॅप्टनचं इंग्रजी मोडकं होतं, पण मला पुरेसं होतं. त्याला म्हटलं, हॉस्पिटल, नाऊ. तो म्हणाला, "माझीपण आई आहे," आणि नांगर वर यायचा खडखडाट मला स्कारबरोत ऐकू आला. लिंडाने दुसऱ्या लाइनवरून बंदरावर ॲम्ब्युलन्स मागवली. आमच्या डॉक्टरनेही मान डोलावली. लिंडाची दोन मिनिटं केव्हाच उलटली होती, पण मी मराठी सोडली नाही.

पन्नास मिनिटांचा रस्ता होता. मी फोन सोडला नाही. दर पाच मिनिटांनी त्यांना नाव विचारायचं, मध द्यायचा. पस्तिसाव्या मिनिटापर्यंत सगळं ठीक. मग वारा सुटला, बोट उडायला लागली, मधाची बरणी सांडली, आणि ऋजुता ओरडली, "ताई, आई बोलत नाहीयेत! डोळे उघडे आहेत पण बोलत नाहीयेत!"

"पाणी पाजतो," मंदारचा आवाज.

"नाही!" मी ऑफिसात ओरडले. पलीकडच्या डेस्कवरची माणसं उठून उभी राहिली. "तोंडात काहीही घालू नका. श्वासात जाईल. कुशीवर वळवा. डोकं थोडं मागे. श्वास मोजा, मला ऐकू येईल असा."

मंदार मोजत होता. एक, दोन, तीन. आवाज फुटत होता. मघाशी माझ्याशी वाद घालणारा माणूस आईच्या छातीकडे बघत लहान मुलासारखा आकडे म्हणत होता आणि मध्येच "सॉरी, सॉरी" म्हणत होता. कुणाला म्हणत होता ते कळलं नाही. बाबांचा आवाज कुठेच नव्हता.

धक्क्यावर ॲम्ब्युलन्स उभी होती. शिरेतून ग्लुकोज गेलं. त्याआधी मोजलेली शुगर इतकी खाली होती की तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर मला आकडा दोनदा सांगितला. आणखी तासभर सुधाताई पाण्यावर राहिल्या असत्या तर काय, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सलाइन लावून दोन दिवस ठेवतो, म्हणाली.

मी फाइल बंद करायला घेतली तेव्हा ती म्हणाली, "वन मोअर थिंग. नवऱ्याला पण ॲडमिट करतेय."

"धक्का बसला का त्यांना?"

"शुगर. तिची जितकी खाली, त्याची तितकी वर."

मला तेव्हा कुठे उलगडा झाला. पाकिटात कापलेल्या दोन स्ट्रिप्स होत्या, दोन्हींत पांढऱ्या गोल गोळ्या. बाबांनी बायकोला उलटीची म्हणून शुगरची दिली. मग शुगरची म्हणून ते स्वतः काय घेत होते? उलटीची. ग्रीसला उतरल्यापासून चार दिवस, रोज न चुकता, जेवणाआधी. नाव असलेल्या बाजूच्या गोळ्या रेजिनालाच संपल्या असाव्यात. त्या गोळीने झोप येते. मंदारला मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, हो, बाबा सारखे पेंगत होते, आम्ही जेट लॅग समजून हसत होतो.

लिंडाने रेकॉर्ड होणाऱ्या फोनवर मराठी बोलल्याबद्दल मला लेखी समज दिली, कारण नियम तो नियम. खाली पेनाने "गुड कॉल" असंही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सुधाताईंनी स्वतः फोन केला. आवाज बारीक, पण ठणठणीत. माझं माहेर कुठलं, मुलं किती, सगळं विचारून झालं. मग म्हणाल्या, "एक विनंती होती. तुमच्या रिपोर्टात ह्यांचं नाव नका लिहू. कालपासून भिंतीकडे तोंड करून पडलेत. जेवत नाहीत."

"नाव नाही लिहीत. पण काकू, तुम्हाला गोळी वेगळी वाटली नाही? उलटीची तुम्ही नेहमी घेत असाल ना?"

"छे हो. मला कुठे बोट लागते? माझं अर्धं आयुष्य रत्नागिरीच्या खाडीत होडीत गेलं."

"मग घेतलीत कशाला?"

"ह्यांनी काढून हातावर ठेवली," त्या म्हणाल्या. "दुपारी मला गरगरायला लागलं तेव्हा दुसरी ठेवली. इतकी वर्षं ठेवतात, मी गिळते. नाही म्हटलं की त्यांना वाटतं, आपण केलेली काळजी नकोशी झालीय."

स्क्रीनवर 'कारण' अशी एक चौकट होती आणि तिच्यात निवडायला सात पर्याय होते. मी 'औषधाची चूक' निवडून फाइल बंद केली.

वाचणाऱ्यांनी एवढं करावं. स्ट्रिप कापू नये. कापलीच तर नाव असलेल्या बाजूच्या गोळ्या सगळ्यांत शेवटी संपवाव्यात. मी माझ्यापुरता एक बदल केला. गोळी कुठली घेतली, हा प्रश्न आमच्या यादीत पहिल्यापासून आहे. त्याच्यानंतर मी आता आणखी एक विचारते, जो कुठल्याच चौकटीत बसत नाही. तुम्ही मागितली होती का?