गासडीत बांधलेला संसार

माझ्या लग्नात आलेली सगळी भांडी मी स्वतःच्या हातानं, पूर्ण शुद्धीत, रुई दाबायच्या प्रेसमध्ये घालून दाबली. मला तेव्हा कसलंही व्यसन नव्हतं.

त्याचं असं झालं. निजामाचा अंमल होता. आमच्याकडं मराठी चौथीनंतर शाळा उर्दूत सुरू व्हायची, आणि 'अलिफ-बे'च्या पलीकडच्या काठाला मी काही पोचलो नाही. मास्तरांनी वडिलांना सांगितलं, "याला हातानं करायचं काहीतरी शिकवा. डोक्यानं व्हायचं न्हाई." वडिलांनी मला सेलूला, कापसातली सरकी काढायच्या जिनिंगमध्ये, इंजिनाला तेल घालायला लावलं. तेल घालता घालता मी मिस्त्री झालो. (माझ्याशिवाय त्या इंजिनाचं कोणी ऐकून घेत नसे, एवढीच माझी लायकी!)

एक दिवस सेठनी बोलावलं. तिकडं बिकानेरच्या मुलखात, वाळवंटात, कालव्याचं पाणी आलं होतं. वाळूत कापूस पिकायला लागला होता आणि गंगानगर नावाचं शहर चुलीवरच्या दुधासारखं वर येत होतं. सेठनी तिथं नवी जिनिंग काढली होती.

"मिस्त्री, तू जा. राहायला पक्कं घर देतो."

चौथी पास माणसाला पक्कं घर! मी सेठच्या पाया पडलो, घरी आलो आणि मला ताप भरला.

सुंदरा, म्हणजे आमची मंडळी, लगेच तयार झाली, पण एका अटीवर. आमच्या देव्हाऱ्यात खंडोबाचे, भवानीचे आणि वाडवडलांचे टाक होते. चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेले. त्यांना अंघोळ घातल्याशिवाय ती अन्नाला शिवत नसे.

"नव्या घरात आधी देव जातील, मग मी," ती म्हणाली. "देव न्हाईत तर मी बी न्हाई. उंबऱ्यावरूनच माघारी येईन, आधीच सांगून ठेवायलेय."

एवढं बजावून ती गंगाखेडला माहेरी भेटायला गेली, आणि सामान बांधायचं काम माझ्याकडं आलं.

आता घर हलवणारे हमाल आणायचे कुठून? माझ्या ओळखीचे हमाल म्हणजे आमच्या प्रेसमधले. त्यांचे मुकादम इमामचाचा. त्यांनी उभ्या आयुष्यात रुईशिवाय काही बांधलं नव्हतं. ते घरात आले, एकदा सगळीकडं नजर फिरवली आणि म्हणाले, "हौ. एक गासडी का माल है."

"चाचा, भांडी हायत त्यात."

"तो क्या हुआ? गोधड्यां के बीच में रखते. ढीला माल गया तो टूटता मियाँ, कस के गया तो नै टूटता. बोलो, कच्ची बांधूं के पक्की?"

कच्ची गासडी हातानं आवळतात, पक्की इंजिनाच्या जोरावर दाबतात. मी इंजिनाचा माणूस. माझी छाती फुगली.

"पक्की बांधा! लय लांबचा पल्ला हाय."

सगळं प्रेसवर नेलं. पेटीत खाली रुई भरलेल्या गोधड्या, वर घागर, तांबे, पराती, लोणच्याची बरणी, वर परत गोधड्या. दट्ट्या खाली सोडायचा मान चाचांनी मलाच दिला. आतून कुर्रर्र असा आवाज आला, कोणी फुटाणे खावेत तसा.

"चाचा, हे काय वाजलं?"

"ताट होंगा."

"मंग काय न्हाई. ताट तर चपटंच असतंय," मी म्हणालो. (यालाच चौथीपर्यंतचं शिक्षण म्हणतात.)

आणि हो, गाडीत चोर फार असतात असं ऐकलं होतं, म्हणून देवही मी गोधडीच्या घडीत घालून आतच ठेवले होते. गासडीवर लोखंडी पट्ट्या ठोकल्या, सेठचा छापा मारला. छापा मारलेल्या मालाला कोण हात लावतो? नव्या जिनिंगच्या यंत्रांबरोबर ती मालगाडीनं पुढं गेली.

आम्ही मागून निघालो; सुंदरा माहेराहून परस्परच गाडीत बसून आली होती. मनमाडच्या अलीकडंच तिनं विचारलं, "देव कुठं हायत? द्या, मांडीवर घेते."

"पुढं गेलेत."

"पुढं? कुणासंगं?"

"रुईसंगं."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही आणि जेवलीही नाही. केळी आणि शेंगदाणे, शेंगदाणे आणि केळी. दिल्ली आली, गेली. मी खिडकीशी बसून खंडोबाला हात जोडत होतो, आणि आपण खंडोबालाच गोधडीत कोंबलंय हे आठवून परत हात सोडत होतो.

मग वाळवंट लागलं, आणि आम्ही दोघंही भांडण विसरलो. एवढं आभाळ मी कधी पाहिलं नव्हतं! आमच्याकडं आभाळाला झाडं, टेकड्या, देवळाचा कळस असं काहीतरी टेकायला असतं. इथं ते थेट जमिनीवरच उतरलेलं. सोन्यासारखी वाळू, तिच्यावर वाऱ्यानं काढलेल्या रेघा. आणि मग कालवा! उन्हाळ्यातल्या गोदावरीपेक्षा जास्त पाणी, आणि तेही माणसांनी आणलेलं, वाळूतून, सरळ रेषेत. सुंदरानं तोंडावर पदर धरला. "अगं बया," एवढंच म्हणाली. नाराजीनंतरचे तिचे हे पहिले शब्द, आणि तेही कालव्याला.

स्टेशनावरून उंटाच्या गाडीतून आम्ही जिनिंगवर पोचलो. सगळीकडं बांधकाम, चुना, विटा. सकाळी न दिसलेली भिंत संध्याकाळी उभी असावी असं गाव. आवारात ही गर्दी! मधोमध चौरंगावर आमची गासडी. तिला कुंकू, हार, समोर नारळ, उदबत्त्या!

तिथला कारभार बघणारे मुनीमजी हात जोडून पुढं आले. "पधारो मिस्त्रीजी! सेठजीने मुहूर्त के लिए दक्खन की गांठ भेजी है. जब से आई है, रोज पूजा हो रही है."

छापा सेठचा असला तरी ही गासडी सेठची नाही, माझी आहे. त्यात रुई नाही, पराती आहेत, हे सांगायचं कुणाला? पहिल्या दिवशीच नोकरी जायची! मी नुसता हसत राहिलो. (माझं हसणं बघून एका म्हाताऱ्यानं मला पाणी आणून दिलं.)

तेवढ्यात दोन व्यापारी पुढं झाले. उपरण्याखाली बोटं धरून भाव करायला लागले. आमच्या गोधड्यांचा भाव! एकानं लोखंडी आकडा घालून गासडीतून नमुना ओढला. हळदीच्या रंगाचा, तेलकट, लालसर पुंजका निघाला. त्यानं तो बोटांत चोळला, नाकाशी नेला आणि जी शिंक दिली, तिनं उंट उठून उभा राहिला.

"दक्खन की रुई में तो खुशबू है!" कोणीतरी थक्क होऊन म्हणालं.

पुंजका हातोहात फिरला. जो तो हुंगायचा, शिंकायचा आणि मान डोलवायचा. फिरत फिरत तो सुंदरापुढं आला. त्याला लुगड्याची चिंधी लटकत होती.

"अगं माय!" ती किंचाळली. "ही माझ्या मायच्या लुगड्याची गोधडी! आन् हे माझं लोणचं! अवो, तुमी काय केलंत? देव कुठं हायत माझे?"

मराठी कोणाला कळत नव्हती, पण ती डोळे पुसत चौरंगाकडं निघाली तेव्हा सगळ्यांना सगळं कळलं. मी मुनीमजींचे पाय धरले आणि तुटक्या हिंदीत सांगितलं, "गांठ हमारी है जी. अंदर बर्तन है. अंदर भगवान है. बायको भूखी है."

मुनीमजींनी छिन्नी मागवली. पहिली पट्टी तुटली, दुसरी तुटली, आणि फडाड! दाबून ठेवलेला संसार एकदम उसळला. गोधड्या लोकांच्या डोक्यांवर गेल्या. माझ्या पायाशी घागर येऊन पडली, भाकरीसारखी. तांबे पापडासारखे. परात मुनीमजींनी उचलून उभी धरली, आडवी धरली, आणि मग हसत हसत वाळूतच बसले. "मिस्त्रीजी, मशीन पर आपका हाथ तो पक्का है!"

नोकरी राहिली. संध्याकाळपर्यंत आजूबाजूच्या घरांतून इतकी भांडी आली की मांडायला फळी पुरेना. ज्यांचं नावही ठाऊक नव्हतं त्यांच्या पितळेत आमचा पहिला भात शिजला. आजही त्यातली काही आमच्याकडं आहेत; परत करायला गेलो तर लोक रागावतात.

पण ते नंतरचं. आधी सुंदरा त्या ढिगात गुडघे टेकून बसली. घडीतली घडी उलगडत गेली. मी डोळे मिटून घेतले. घागरीचं जिथं असं झालं, तिथं देवांचं काय झालं असेल?

"हायत," ती म्हणाली.

मी डोळे उघडले. सगळे टाक तिच्या ओंजळीत, जसेच्या तसे. खंडोबाच्या घोड्याचं शेपूटसुद्धा हललं नव्हतं.

"आणि रोज पूजा बी झाली त्यांची," मी धीर करून म्हणालो. "उपाशी तूच राहिलीस."

तिनं देव पदरात घेतले, आवारातल्याच आमच्या नव्या घराच्या उंबऱ्यावर उजवं पाऊल ठेवलं आणि मागं वळून माझ्याकडं बघितलं.

"आपला संसार कुणाच्या हाती जाणार हे देवाला आधीच ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "म्हणून तर ते चपटे होऊनच आपल्या घरात आले."