कुंकवाविना कांडण

बुधाजीचा कमलेश खरवईचा. बापजाद्यांनी चिखलात भात लावलं, ह्यानं अंबरनाथ पूर्वेच्या एका ॲनिमेशन स्टुडिओत कॉम्प्युटरवर माणसं चालवायला घेतली. भाताच्या जुन्या वाणांवर एक छोटी फिल्म होती. उखळात भात कांडणारी बाई, एवढाच तुकडा ह्याच्या वाट्याला. नमुन्याला बाई कुठून आणणार? त्यानं आपल्या आयेला, सरस्वतीला, मागीलदारी मुसळ देऊन उभी केली, मोबाईलवर तिचं कांडण उतरवलं आणि कॉम्प्युटरमधल्या बाहुलीला चेहराही तिचाच बसवला. ती तर गल्लीभर सांगून मोकळी झाली.

पण मुसळाला वजन येईना. वर जाताना रखडायला हवं, खाली येताना आदळायला हवं; ह्याचं आपलं पिसासारखं तरंगायचं. चाल जरा बदलली की पुन्हा रेंडर, आणि रेंडर म्हणजे लुगड्याची चुणी, केसाची बट, उजेड-सावली सगळं रंगवून निघेस्तोवर माणूस जेवून झोप काढून उठावा. बरोबरची हिमानी म्हणाली, चालच बघायचीय ना, मग शृंगार कशाला? त्यानं केस बंद केले, लुगडं बंद केलं, बांगड्या, रंग, उजेड, सगळं बंद. चित्र निम्म्या आकाराचं केलं. प्रिव्ह्यू, म्हणजे कच्चा नमुना, झटक्यात निघाला. चार फेऱ्यांत मुसळ असं आदळलं की कमलेश खुर्चीतच उडाला.

त्याच तोऱ्यात रविवारी दुपारी जेवताना त्यानं मोबाईल आयेच्या हातात दिला.

सरस्वतीनं बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. राखाडी अंगाची, बोडक्या डोक्याची बाई कांडत होती. तोंड मात्र हिचं. कमलेशला वाटलं, लुगडं नाही म्हणून लाजली. तो समजवायला लागला, ही नुसती बाहुली, कपडे मागनं चढतात. तिला ते ऐकूच गेलं नाही. तिचं बोट बाहुलीच्या कपाळावर थांबलं होतं.

"कुंकू कुठं हाय? हातात बांगऱ्या नाय. आरं, तुजा बापूस जिता हाय ना?"

बुधाजी समोरच भाकर मोडत होता. महिन्यामागंच छातीचं ऑपरेशन होऊन घरी आलेला. त्यानं हसून टाकायचं बघितलं, म्हणाला, मी हाय की हितं, जेवतोय. पण घास हातातच राहिला.  कमलेशनं एवढ्या फेऱ्या मारल्या, मुसळ बघितलं, मनगट बघितलं. आयेचं कपाळ त्याला एकदाही दिसलं नव्हतं.

तिनं बजावलं, आत्ता पुस. मोबाईलमधून पुसलं. स्टुडिओतलं पुसायला त्यानं हिमानीला फोन लावला, तर ती खुशीत सांगते, स्टुडिओच्या उन्मेष सरांनी सकाळीच फिल्मवाल्यांकडं पाठवलंय, तिकडं सगळे बघतायत, चाल पसंत आहे.

 सरस्वती म्हणाली, त्या उन्मेषला लाव.

उन्मेष हसला. काकू, ते कच्चं काम असतं, कोण एवढं बघतंय, म्हणाला.

"चाल बघली ना? मंग तोंड बी बघलं," सरस्वती म्हणाली. "माजा न्हवरा हितं भाकर खातो, आन तुमी मना रांडव करून दाखवताव. ते काढा. नायतं माजं तोंडच काढून टाका, दुसरी बाई बगा."

पलीकडं हसू बंद झालं. उन्मेष हळू आवाजात म्हणाला, परत मागवतो, दुसरं पाठवू.

कमलेश ताटावरून उठला आणि तसाच लॅपटॉप उघडून बसला. केस बंदच ठेवले, लुगडंही. कुंकू चालू केलं, बांगड्या चालू केल्या. बांगड्यांपायी प्रिव्ह्यू पुन्हा रेंगाळला. सरस्वती पाठीमागं उभी. राखाडी कपाळावर लाल ठिपका उमटला, मनगटावर हिरवी कडी चढली, तशी ती वाकून नीट बघून घेत म्हणाली,

"हां. आता कांडू दे तिला."

आणि बुधाजीच्या ताटात आमटी वाढायला गेली.