शेवटी पोचलेली प्रत

ऑफिसात तिला सगळे ढगवाली म्हणत. लोक अॅपमध्ये ज्या नोंदी लिहायचे, त्या क्लाउडवर सांभाळायचं काम तिचं होतं. ते नाव तिनं हसून घेतलं होतं. साहेबांना मात्र तिनं माफ केलं नव्हतं, आणि तसा विचारही नव्हता.

एकच नोंद दोन फोनांवर बदलली तर कुठली ठेवायची? ती म्हणाली होती, दोन्ही ठेवू. साहेब म्हणाले, "उगाच जागा कशाला अडवायची? शेवटी पोचेल ती खरी." झालं, तोच नियम लागला.

पुढे घशाच्या ऑपरेशनात तिच्या आईचा आवाज गेला. आई घरच्या सामायिक नोंदीत लिहायची आणि लेक आपल्या फोनवर वाचायची. एका दुपारी आईनं बरंच काही लिहिलं. लेक मीटिंगमध्ये अडकलेली. म्हणाली, संध्याकाळी निवांत वाचू. तेवढ्यात धाकट्या भावानं कधीचा बंद पडलेला फोन चालू केला. त्यात त्या नोंदीची जुनी प्रत होती, नुसती सामानाची यादी. त्यानं तिच्यात साबण जोडला, आणि तीच प्रत शेवटी पोचली. संध्याकाळी लेकीनं वाचलं: बल्ब, चहापत्ती, साबण. आई तोवर झोपली होती, आणि पहाटे ती गेली.

ती साहेबांकडे रडत गेली, निदान आता तरी नियम बदला म्हणून. "एका घरासाठी?" साहेबांनी स्क्रीनवरून मानही वर केली नाही. तिनं डोळे पुसले आणि मनात डूख धरला.

संधी आपल्या पायांनी चालत आली. अॅपमधल्या नव्या एआय सोयींचा कार्यक्रम होता, मोठमोठी माणसं येणार होती. साहेबांनी भाषण आपल्याच अॅपमध्ये घोळून घोळून लिहिलं होतं. त्यांचा जुना फोन चाचणीसाठी तिच्याच खणात होता, त्यांच्या खात्यासकट. त्यातलं भाषण "नमस्कार मंडळी"च्या पुढे गेलेलं नव्हतं. तिनं तिथं एक पूर्णविराम टाकला आणि वायफाय सुरू केलं.

साहेब घामाघूम होऊन धावत आले. "अगं, भाषण गेलं! परत आण ना!"

"नाही येत, साहेब. नियमच तसा आहे." हे म्हणताना तिला जे सुख झालं, ते कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

साहेब मटकन बसले, आणि लगेच ताडकन उठले. "थांब, थांब! सकाळीच मी एआयकडून सारांश काढून घेतलाय!"

सारांश निराळा साठवायचा, मूळ नोंद पुसली तरी तो राहिला पाहिजे, ही आखणी तिचीच होती. चारही मुद्दे जागच्या जागी होते. त्यांवर साहेब असे काही बोलले की लिहिलेलं भाषणही तेवढं रंगलं नसतं. शेवटी त्यांनी तिच्याकडे बोट दाखवलं. "आज हिनं माझी लाज राखली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तिला उभं राहावं लागलं, हसावंही लागलं. आईचे असे चार मुद्दे जरी उरले असते, तरी तिनं साहेबाला सोडून दिलं असतं. आता ती त्याला मरेपर्यंत सोडणार नव्हती.