डेपोचा मरून रंग

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण कवळीवाल्यांचं भरलं. शहरातल्या डॉक्टरांनी पाठवलेले जबड्यांचे ठसे घ्यायचे, प्लास्टरचा साचा ओतायचा, मेणात दात बसवायचे, घासून गुळगुळीत करायचे आणि शेवटी नळाखाली धुऊन डबीत भरायचे. सगळा जन्म यात गेला. माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत, दात राहत. लग्नकार्यात कुणी हसून नमस्कार केला की हे आधी त्याच्या तोंडात बघायचे. बायको कोपराने ढोसायची, "अहो, डोळ्यांत बघा त्यांच्या!"

काम बंद केल्यावर हात मोकळे झाले आणि तेच त्यांना सोसेना. अशात लेकीने एक पत्र्याचा डबा परत पाठवला. तिची मुलं मोठी झाली होती. डब्यात कवळीवाल्यांच्या लहानपणचा प्लास्टिकचा बँड होता. बोटाच्या पेराएवढाली माणसं, ढोलवाला, झांजवाला, बिगूलवाले, पोटाला भला मोठा कर्णा गुंडाळलेला एक जाड्या आणि पुढे छाती काढून उभा बँडमास्तर. सगळ्यांच्या अंगावर लेकीने शाळेत असताना फासलेलं गुलाबी नेलपॉलिश. त्याच्या खाली, कवळीवाल्यांनी मिसरूड फुटायच्या वयात दिलेला चंदेरी रंग, त्या वेळी त्यांना सगळंच चंदेरी आवडायचं. आणि त्याच्याही खाली बाबांचा मरून.

बाबा बसच्या डेपोत रंगारी होते. डबीच्या तळाशी उरलेला रंग ते घरी आणत. कवळीवाल्यांच्या मनात ते चित्र पक्कं होतं. स्वयंपाकघरातलं टेबल, खाली ओढलेला दिवा, त्याखाली वाकलेलं बाबांचं डोकं आणि सकाळी उशाशी उभा असलेला मरून डगल्यांचा, पिवळ्या बटणांचा बँड. बाबांनी रंगवलेल्या बस कधीच भंगारात गेल्या. त्यांच्या हातचं जगात काही उरलं असेल तर ते या नेलपॉलिशच्या खाली होतं. कवळीवाल्यांनी ठरवलं, वरचे दोन थर काढायचे आणि बाबांचा रंग उघडा करायचा. झिजला असेल तिथे त्याच रंगाने भरून घ्यायचा.

खेळणी दुरुस्त करणारा एक दुकानदार त्यांच्या माहितीतला होता. त्याने आधी दम भरला. "थिनरच्या वाटेला जाऊ नका, काका. रंगाच्या आधी बँड विरघळेल. जखमेवर लावायचं औषध मिळतं ना, पाण्यात टाकलं की दुधासारखं होणारं? त्यात बुडवून ठेवा, पाणी न घालता. वरचे रंग आधी सुटतील. गाडीचा रंग चिवट, तो मागे राहील. राहिला तर राहिला, मी काही हमी देत नाही. आणि एक लक्षात ठेवा, बाहेर काढल्यावर नळाखाली धरायचं नाही. आधी त्याच औषधात खळबळायचं, मग साबण, मग पाणी. नाहीतर रंगाचा डिंक होतो आणि सगळंच घेऊन जातो."

"मी काय कालचा पोरगा आहे?" कवळीवाले म्हणाले.

आधी एकटा ढोलवाला बरणीत गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो चिमट्याने उचलला आणि टूथपिकने बाहीवर हळूच रेघ ओढली. गुलाबी साल निघाली. त्याखालची चंदेरी चिखलासारखी सरकली. आणि बाहीवर तांदळाएवढा मरून दिसला. कवळीवाल्यांनी भिंग लावलं, मग काढलं, मग डोळे पुसून पुन्हा लावलं.

"अगं, इकडे ये! बाबा दिसले!"

बायको कणकेच्या हातांनी आली. बघून म्हणाली, "सासरे फारच बारीक झालेत हो." पण तिचाही आवाज जरा ओला झाला होता.

मग सगळा बँड बरणीत उतरला. घरभर दवाखान्याचा वास सुटला. शेजारीण येऊन कोण आजारी आहे विचारून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बरणीतलं औषध मातकट गुलाबी झालं होतं. कवळीवाल्यांनी मोरीपाशी चाळणी धरली आणि बरणी उपडी केली. माणसं चाळणीत पडली. आणि त्यांच्या डाव्या हाताने नळ सोडला.

त्यांनी नव्हे, हातानेच. काम झालं की माल नळाखाली, हे तो हात आयुष्यभर करत आला होता. पाणी पडताच सगळं पांढरं झालं. त्या पांढऱ्यात रंगाचे थर एकमेकांत कालवले गेले आणि चघळून टाकलेल्या च्युइंगमसारखा लगदा माणसांना, चाळणीला, बोटांना चिकटला. ओढला तर तारा निघत. त्या तारांमध्ये गुलाबी होतं, चंदेरी होतं आणि मरूनही होतं. साबणाने घासघासून संध्याकाळी बँड स्वच्छ झाला. अगदी स्वच्छ. नवीन दातांसारखा पिवळट पांढरा, कोरा.

त्यानंतर कवळीवाले कुणाशी धड बोलेनात. बायकोने समजावलं, ओरडून पाहिलं, शेवटी म्हणाली, "अक्कांकडे जाऊन या. मोठ्या बहिणीपाशी रडलं तर चालतं माणसाला."

ते बँड डब्यात घालून निघाले. वाटेत रंगाच्या दुकानात तासभर बसून, लाल, काळा, थोडा तपकिरी असं मिसळून घेत त्यांनी तो मरून नेमका जुळवला. निदान रंग तरी बाबांचा.

अक्काने दार उघडलं. "काय रे बारक्या, कुणी गेलं का?"

"बाबा गेले," कवळीवाले म्हणाले, आणि नळाची सगळी कहाणी सांगितली. "त्यांच्या हातची शेवटची खूण होती. ती मी मोरीत सोडली."

अक्का खुर्चीत बसली. आधी हसली, मग हसू आवरून म्हणाली, "बाबांच्या हातची कुठली? तो बँड मी रंगवला होता."

"काहीतरीच. मी पाहिलंय त्यांना."

"पाहिलंच असशील. ते बसायचे ना समोर. अरे, दिवसभर रंगाच्या वासात असलेला माणूस घरी येऊन ब्रश धरेल? तो वास आला की त्यांचं डोकं उठायचं. तरी बसायचे. ढोलवाल्याला पकडीत धरायचे आणि मी रंगवायची. 'रंग कमी घे गं,' एवढंच बोलायचे."

"पण सगळे म्हणायचे की बाबांनी..."

"तसं ठरलं होतं. अक्काने केलंय म्हटलं असतं तर तू हात लावला असतास? माझ्या हातचं पाणी प्यायचा नाहीस तेव्हा!"

कवळीवाल्यांनी ते चित्र पुन्हा मनात आणलं. टेबल, दिवा, वाकलेलं डोकं, सगळं जागच्या जागी होतं. फक्त त्यात फ्रॉक घातलेली एक मुलगी आता दिसायला लागली होती. ती आजवर कधीच नव्हती.

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू इतक्या कौतुकाने सांगायचास. बाबांबद्दल तसं बोलणारं दुसरं होतं कोण? ऐकायला बरं वाटायचं." तिने डबा पुढे ओढला, कर्णेवाल्या जाड्याला उचलून चष्म्यासमोर धरलं. "मेला अजून तसाच आहे. किती त्रास दिला होता याने!"

कवळीवाल्यांनी खिशातून रंगाची डबी काढून तिच्यापुढे ठेवली. "मग आता तूच रंगव. रंग बघ, अगदी तोच आहे."

अक्काने झाकण उघडलं, वास घेतला आणि झाकण पुन्हा लावलं.

"का? जमला नाही का?"

"जमलाय रे. पण मला हा कधी नकोच होता. मला निळा हवा होता. मी हट्ट धरला, रडले. बाबा म्हणाले, आपल्या डेपोत निळी गाडीच नाही, तर रंग कुठून आणू?"

ती सहज बोलून गेली आणि जाड्याच्या पाठीवरची धूळ फुंकू लागली.  कवळीवाले उठून चपला घालू लागले.

"निघालास? चहा तरी घे."

"येतो. दुकान बंद व्हायच्या आत जाऊन येतो. कोणता निळा?"

अक्काने जाड्याला खाली ठेवलं. मग घाईघाईने म्हणाली, "गडद. पण शाईसारखा नको. आणि फिकट तर अजिबात नको, बँड आहे तो, दवाखाना नाही."

ते जिना उतरून रस्त्यावर आले तोवर ती गॅलरीत आली होती.

"बारक्या! आणि ब्रश नवा आण! तुझा तो लोकांच्या दातांवर फिरवलेला नको मला!"