सुखीयाडी आणि शून्य रुपयांचं तिकीट

सकाळची बस तांड्याच्या फाट्यावर थांबली, की सुखीयाडी आधी तिच्या पत्र्यावर दोन थापा मारायची आणि मगच पायरीवर पाय ठेवायची. कोणी हसलं तर म्हणायची, "आमचे बापजादे बैलावर मीठ लादून मुलूख फिरले. जनावराले सांगतल्याबिगर वझं टाकू नाही." बस म्हणजे जनावर नव्हे, हे तिला कोणी पटवू शकलं नाही. घाटंजीच्या रस्त्यावर त्या बसचं धापा टाकणं ऐकलं, की पटवणाऱ्यालाच तिचं पटायचं.

नाव सुखीबाई, पण सगळ्या तांड्याची ती याडी, म्हणजे आई. पंचाहत्तरी ओलांडली तेव्हा सरकारनं तिचा प्रवास फुकट केला, आणि याडीला तो स्वतःचा अपमान वाटला. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट काढायला लागला, की ती त्याचा हात धरायची. "राहू दे ना बापा. फुकट बसून राह्यली, वरून कागद कायले खराब करू?"

तिचं पाहून तांड्यातले पंचाहत्तरीपुढचे सगळे म्हातारे तसंच करू लागले. कंडक्टरनंही वाद सोडला. निम्मी बस म्हाताऱ्यांनी भरून जायची, तिकिटाच्या मशीनमध्ये मात्र चारदोन कॉलेजच्या पोरीच बसलेल्या असायच्या.

त्यांतली एक वर्षा, याडीची नात. बातमी तिनंच आणली. फेरीला प्रवासी नाहीत, तोटा आहे, पुढच्या महिन्यापासून बस बंद. आणि बस बंद तर कॉलेज बंद, हे तिच्या बापानं, हरिसिंगनं, आधीच सांगून ठेवलं होतं. स्थळंही पाहून ठेवली होती.

"प्रवासी नाही?" दुसऱ्या दिवशी याडी बसमध्ये कडाडली. "मंग आमी काय बोचकी आहो?"

नवी कंडक्टर उज्ज्वला शांतपणे म्हणाली, "याडी, तिकीट नाही तं माणूस नाही. तुमचं शून्याचं तिकीट काढलं, का त्याचे पैसे सरकार भरते. तुमी कागद वाचवला अन् बस बुडवली."

  घाटंजीला उतरताना याडी एवढंच म्हणाली, "म्हंजे बैलाले मीच उपाशी ठेवलं."

संध्याकाळी ती घरोघर फिरली. पूनमसिंग गुडघा धरून बसला होता. "मले घाटंजीत काय काम हाये, याडी?"

"घरी कोणतं काम करून राह्यला? खाटेवर बसतं, तं सीटवर बस. अन् तिकीट मागून घे."

मग रोज सकाळी म्हाताऱ्यांची वरात निघू लागली. घाटंजीच्या स्टँडवर चहा प्यायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवायची आणि परतीच्या बसनं घरी. बांधावरून बोलणं तुटलेले दोन भाऊ एका सीटवर आले, आणि त्यांचं जुनं भांडण सरकारी खर्चानं नव्यानं सुरू झालं. स्टँडसमोरचा एक दुकानदार म्हणाला, "आले फुकटे!"

याडीनं कपातला चहा आधी संपवला. "तुह्या दुकानापुढचा रोड काय तुह्या बापानं बांधला? त्याच्यावर गिऱ्हाईक येते, तवा तू फुकट्या नाही होत?"

बस बंद झाली नाही. स्थळं आली तशी परत गेली, आणि वर्षा शेवटच्या वर्षाला पोचली.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी याडीला धाप लागली. बसला अजून वेळ होता, म्हणून हरिसिंगनं काळीपिवळी जीप बोलावली. तिला उचलून आत ठेवताना तिचा हात पत्र्यावर गेला. एकच थाप बसली. ड्रायव्हरनं पैसे घेऊन नुसतेच खिशात घातले, ते तिनं पाहिलं. दवाखाना येईपर्यंत तिची शुद्ध गेली होती, ती परत आली नाही. त्याआधी, फाट्यावर, वर्षाच्या मांडीवरून डोकं थोडं उचलून ती म्हणाली होती,

"यानं तिकीट नाही देल्लं वं. उतरव मले. आपली बस येतेच आता."