एका सालाची खाच

बँकेतला कॅशियर तिला बघितलं की कपाळाला हात लावायचा. "आल्या चिल्लरताई! काय हो, नाण्यांची भाजी करता का घरी?" ती कसनुसं हसायची, काल नेलेली नाणी परत करायची आणि कागदात वळलेले नाण्यांचे नवे रोल पिशवीत टाकायची. इस्पितळाच्या कँटीनच्या गल्ल्यावर दिवसभर सुट्या पैशांशी झटापट करायची आणि घरी जाताना तेच ओझं खांद्यावर घ्यायचं, म्हणजे हौसच म्हणायची. हौस तिची नव्हती, वडिलांची होती.

वडील आयुष्यभर सिनेमाच्या तिकीटखिडकीत बसले. तिथल्या चिल्लरीतून त्यांनी जुनी नाणी वेचली आणि पुठ्ठ्याच्या खाचांत सालवार बसवली. सगळ्या खाचा भरल्या, एका सालाची सोडून. त्या साली टाकसाळीने नाणी फार थोडी पाडली होती. पुढे पाय गेले, वडील खाटेला खिळले आणि हा शोध लेकीच्या गळ्यात पडला. रोज संध्याकाळी ती रोल फोडायची, वडील एकेक नाणं भिंगाखाली धरायचे आणि ती शेजारी जांभया देत बसायची. तिचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता. ते एक नाणं मिळालं की आपण सुटलो, एवढंच तिच्या डोक्यात.

शेवटी ती जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे गेली आणि त्या सालाचं नाणं चक्क विकत घेऊन आली. पगाराला चांगलंच भगदाड पडलं. फार चकचकीत दिसू नये म्हणून तिने ते कँटीनच्या तेलकट फडक्यात घोळवलं. व्यापाऱ्याने बघितलं असतं तर त्याला भोवळच आली असती. मग रोलच्या मधोमध घालून तिने कागद पुन्हा होता तसा वळला.

त्या संध्याकाळी तिने तोच रोल आधी फोडला. ते नाणं वडिलांच्या बोटांत आलं. भिंगाखाली गेलं, उलटलं. आणि "हेही नाही," म्हणत त्यांनी ते बघून झालेल्या ढिगात टाकलं.

"बाबा, नीट बघा की!" ती जवळजवळ ओरडलीच. नाणं उचलून तिने त्यांच्या नाकासमोर धरलं. "वाचा बरं साल."

वडिलांनी भिंग खाली ठेवलं.

"दिसत नाही गं मला. बरेच महिने झाले. आकडा म्हणजे नुसता डाग दिसतो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग सांगायचं नाही? मी रोज मरमर करत हे ओझं वाहते, ते कशासाठी?"

"सांगितलं असतं तर तू नाणी आणलीच नसतीस. आणि मग माझ्याजवळ कशाला बसली असतीस? दिवसभर भिंतीकडे बघत असतो, पोरी. खरं सांगू का, ते नाणं आता न मिळालेलंच बरं."

तिला रडू आलं, आणि स्वतःची लाजही वाटली. सुटायला म्हणून तिने पगार मोडला होता आणि कुणापासून सुटायचं होतं, ते आत्ता कळत होतं.

"काय साल आहे गं त्याचं?" वडिलांनी विचारलं.

"नेहमीचंच," ती म्हणाली. नाणं तिने ढिगात टाकलं आणि पुढचा रोल फोडला.